अर्धा कोयता

पुण्यात कुणी "गाव कोणतं?" असं विचारलं आणि मी "कुरुंदा" म्हटलं, की दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिली म्हणजे वाचणारी. "म्हणजे नरहर कुरुंदकरांचं कुरुंदा?" हो, तेच. कुरुंदकरांचा जन्म नांदापूरचा, कर्मभूमी नांदेड, पण आडनाव आमच्या गावाचं. दुसरी माणसं साखरेतली. कुणाचा मामा कारखान्यात केमिस्ट असतो, कुणाच्या घरचे ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला असतात. ती विचारतात, "टोकाई कारखान्याचं कुरुंदा ना?" हेही बरोबर. टोकाईगडावरच्या देवीच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आमचाच. (तिसरा आणि सगळ्यात मोठा प्रकार म्हणजे हिंगोली जिल्हा नक्की कुठे आहे हेच ज्यांना माहीत नसतं. त्यांच्यासाठी: तालुका वसमत, परभणी आणि नांदेडच्या मधे. १९९९ पर्यंत आम्ही परभणी जिल्ह्यातच होतो.)

तर गावाच्या नावावर एक समीक्षक आणि एक साखर कारखाना. आजचा विषय या दोघांच्या मधे कुठेतरी आहे. ऊस तोडणारी माणसं, आणि त्यांच्यावर लिहिणारी माणसं.

गेले काही वीकेंड मी याच विषयावरचं जमेल तेवढं वाचतोय. कादंबऱ्या, कथा, आत्मकथनं, वर्तमानपत्रातले रिपोर्ट. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की होत गेली, ती सांगतो. मजुरांचे हाल लिहिणारा लेखक जर हिशोब गाळत असेल, तर तो कितीही कळवळ्याने लिहीत असला तरी त्या माणसाला आपल्यापेक्षा थोडा कमी अकलेचा दाखवून जातो. त्याच्या मनात तसं नसतं. पण होतं तसं.

आता हे जरा सविस्तर.

कुरुंद्याकडून बघितलं की स्थलांतराचं चित्र पुस्तकातल्यासारखं सरळ दिसत नाही. पुस्तकातलं स्थलांतर एका दिशेचं असतं. पाऊस नाही, विहीर आटली, गाव ओस पडलं, माणसं निघाली. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चा (१९५५) शेवट आठवा. दुष्काळात मेंढरं मरतात, एकेक घर रिकामं होतं, शेवटी मास्तरही निघतो. मराठी वाचकाच्या डोक्यात 'गाव सोडून जाणं' म्हटलं की हे चित्र येतं आणि ते चित्र खरंच मोठं आहे. पण आमच्या भागात येलदरी-सिद्धेश्वरचं पूर्णा कालव्याचं पाणी येतं. ऊस आहे, केळी आहे, हळद तर इतकी की वसमतच्या हळदीला नाव आहे. म्हणजे इथे काम आहे! तरीही दसरा-दिवाळीच्या आसपास गावाच्या कडेच्या वस्तीतून ट्रक भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊस तोडायला जातात. आणि त्याच पंधरवड्यात दुसऱ्याच कुठल्या तालुक्यातली टोळी येऊन आमच्या शिवारात कोप्या टाकते.

लहानपणी मला हे कोडं वाटायचं. इथला ऊस इथल्यांनीच तोडला तर काय बिघडतं? घरात विचारलं तर एका शब्दाचं उत्तर मिळायचं, "उचल." ज्या मुकादमाने पैसे आधी दिले त्याच्या मागे जायचं, मग तो कोल्हापूरला नेवो की बेळगावला.

यान ब्रेमन नावाच्या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात गुजरातेत बारडोलीला जाऊन नेमका हाच प्रश्न विचारला होता. तिथल्या कारखान्यांचा ऊस तोडायला आपले खानदेशातले मजूर जायचे, आणि बारडोलीचे स्थानिक भूमिहीन मजूर कामासाठी दुसरीकडे. त्याचं म्हणणं साधारण असं, की लांबून आणलेला मजूर कारखान्याला सोयीचा. तो रात्री-अपरात्री हाकेला हजर असतो, रुसून घरी जाऊ शकत नाही, सणाला-लग्नाला दांडी मारू शकत नाही. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक घटते, त्यामुळे ऊस लवकरात लवकर गाळपाला जावा लागतो. म्हणजे रात्री दोनला ट्रक आला तर रात्री दोनला भरून देणारी माणसं हवीत. आपल्या भाषेत सांगायचं तर २४ बाय ७ ऑन-कॉल, आणि तेही क्लायंटच्या जागेवर.

हे कळलं आणि माझ्या डोक्यातलं 'दुष्काळ म्हणून माणसं जातात' हे वाक्य अपुरं ठरलं. दुष्काळ आहेच. १९७२ नंतर मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांची रीघ लागली हे खरंच. पण पाऊस चांगला झाला त्या वर्षीही ट्रक भरतात. आभाळाकडे बघणारा म्हातारा दाखवून हे समजत नाही. त्यासाठी मुकादमाची वही उघडावी लागते.

चला, उघडू या. शनिवारी सकाळी मी खरंच एक्सेल शीट घेऊन बसलो होतो.

पहिला शब्द कोयता. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. "आमच्या टोळीत बारा कोयते" म्हणजे चोवीस माणसं, पोरंबाळं वेगळी. आणि एकटा माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'. विधवा बाई, लग्न न झालेला पोरगा, सगळे अर्धे. अर्ध्याला टोळीत घ्यायला मुकादम नाखूश असतो, म्हणून हंगामाच्या तोंडावर पोरापोरींची लग्नं उरकली जातात. हा शब्द कुठल्या कवीला सुचलेला नाही. तो धंद्यातला रोजचा शब्द आहे.

दुसरा शब्द दर. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपये होते ते ३६६ झाले. मुकादमाचं कमिशन १९ चं २० टक्के झालं. एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन तोडतो. दोन धरू. ७३२ रुपये. म्हणजे माणशी ३६६. त्यात काय काय आलं? बुडख्याशी वाकून ऊस तोडणं (साखर खालच्या कांड्यांत जास्त, त्यामुळे वर बुडखा सोडला की ओरडा), वाढं छाटणं, पाचट काढणं, वाढ्याचाच पीळ देऊन मोळी बांधणं, आणि ती ३०-४० किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणं.

तिसरा शब्द उचल. जोडीला पन्नास हजारांपासून लाखाच्या वर. लाख धरू. ३६६ च्या दराने लाख फेडायला २७३ टन तोडावे लागतात. रोज दोन टनांप्रमाणे १३७ दिवस, एकही सुट्टी न घेता. हंगाम असतो चार ते पाच महिन्यांचा आणि २०२४-२५ ला तर कित्येक कारखान्यांचा पट्टा त्याहून लवकर पडला. समजा १२० दिवस मिळाले. १२० गुणिले २ गुणिले ३६६, झाले ८७,८४०. म्हणजे पूर्ण हंगाम राबून १२,१६० रुपये अंगावर बाकी. अजून यात आठवड्याची खर्ची धरलेली नाही, तीसुद्धा वहीतच चढते. हातात रोख येतात ते वाढं विकून, तेवढेच.

चौथा शब्द खाडा. एक दिवस कामावर आला नाहीत तर त्या दिवसाचे पैसे तर बुडालेच, वर दंड. ठिकठिकाणी ५०० रुपये ऐकायला मिळतात. ताप आला, खाडा. पोरगं आजारी, खाडा. बाईची पाळी, खाडा. आणि एकाने खाडा केला की कोयता अर्धा होतो, म्हणजे दुसऱ्याचंही काम अडतं.

आता ती बाकी पुढच्या वर्षी. बाकी फेडायची तर त्याच मुकादमाकडे जायचं. त्याच्याकडे जायचं तर नवीन उचल घ्यायची, कारण पावसाळा काढायचाय, एखादं लग्न आहे, दवाखाना आहे. आमच्यातल्या कुणीही कोड लिहिणाऱ्याने हे बघितलं तर तो लगेच म्हणेल, की हा लूप आहे आणि यात बाहेर पडायची कंडिशनच लिहिलेली नाही.

माझं म्हणणं असं, की उचल हे या माणसांच्या गोष्टीचं कथानक आहे. बाकीचं सगळं, कोपी, थंडी, धुकं, उसाच्या पात्यांनी चिरलेले हात, हे वर्णन झालं. आणि आपल्याकडचे बरेच लेखक वर्णनावर थांबतात.

सगळे नाही हं. भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' कथा अनेकांनी अभ्यासक्रमात वाचली असेल. बाजारात टोमॅटोचा भाव पडत पडत जातो आणि बाप शेवटी आपलाच माल तुडवतो. त्या कथेला धार आहे ती भावामुळे. भाव किती होता, किती झाला, गिऱ्हाईक काय म्हणालं, हे डोळ्यांसमोर घडतं, म्हणून शेवटचा संताप वेडेपणाचा वाटत नाही. आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१) घ्या. नारबा हा गडी आपल्याच बोलीत सगळं सांगतो. बैल कसा चालतो, कोणत्या जनावराची काय खोड आहे, ट्रॅक्टर आल्यावर काय काय गेलं. वाचताना आपल्याला त्याची दया येत नाही, आधी आदर वाटतो. हा माणूस आपल्या कामातला तज्ज्ञ आहे, हे कळतं. आणि मग त्याच्यावर जी वेळ येते ती जास्त लागते.

आमच्याच तालुक्यातले, रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव. त्यांच्या 'पीकपाणी'पासून (१९८९) पुढच्या कवितांनी आमच्या पिढीला एक गोष्ट दिली, की आमची बोली छापता येते. शेजारच्या परभणी जिल्ह्यातले आसाराम लोमटे पत्रकार, आणि 'आलोक'ला २०१६ चा साहित्य अकादमी मिळाला ते कथाकार. बातमीच्या कामामुळे असेल, पण गावातली सत्ता कशी चालते, कोण कुणाच्या पैशात अडकलेलं असतं, याची त्यांना नेमकी जाण आहे. आणि योगीराज बागूलांचं 'पाचट' आहे, ऊसतोडीच्या घरातून आलेल्या माणसाचं आत्मकथन. तिथे कोपीचं वर्णन कमी-जास्त असलं तरी चालतं, कारण सांगणाऱ्याला वही माहीत आहे.

मग मी तक्रार कसली करतोय? सांगतो.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर, मग जगभर गेल्या. 'गर्भाशय नसलेल्या बायकांची गावं' अशा अर्थाची शीर्षकं आली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमधलं हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं.

त्या वेळी आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये यावर चर्चा झाली. चांगली, संवेदनशील मंडळी. सगळ्यांना वाईट वाटलं. आणि दहा मिनिटांत चर्चा "अवेअरनेस नाही ना त्यांच्यात" इथे येऊन थांबली.

बघा, हेच ते. बातमीत दुःख होतं, आकडा होता, बाईचा पाठमोरा फोटो होता. पण कॅन्टीनपर्यंत जे पोचलं त्यात खाडा नव्हता. आता खाडा घालून परत वाचा. फडात संडास नाही, पाणी नाही. महिन्यातले तीन-चार दिवस अंगावर जातं, पोटात दुखतं. प्रत्येक दिवसाला दंड, आणि कोयता अर्धा झाल्याचं नुकसान वेगळं. पांढरं पाणी जातं म्हणून खासगी दवाखान्यात गेलं तर डॉक्टर म्हणतो, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. दोन पोरं झालेली आहेत. ऑपरेशनचा खर्च मुकादम उचलीत धरायला तयार आहे. आता सांगा, ही बाई अडाणी आहे का? तिच्यापुढे जे आकडे ठेवले गेलेत त्यांत ती बरोबर गणित करतेय. चुकीचं आहे ते गणित मांडणारं कुणीतरी दुसरं.

एक शब्द गाळला की वाचणाऱ्याचा निकाल उलटा लागतो. खाडा गाळला तर दोष बाईच्या अज्ञानाकडे जातो, ठेवला तर दर ठरवणाऱ्यांकडे आणि त्या दवाखान्यांकडे. म्हणून मी याला शैलीचा प्रश्न म्हणत नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने याच विषयावर मोठा रिपोर्ट छापला. त्यात गर्भपिशव्या होत्या, बालविवाह होते, पण मुख्य म्हणजे कर्जाची साखळी होती आणि ही साखर कोणत्या बड्या शीतपेय कंपन्यांपर्यंत जाते तेही होतं. आपल्याच गोष्टीतला पैसा कुठून कुठे जातो हे अमेरिकेतल्या पेपराने दाखवावं, याची मला थोडी चिडचिड झाली. पण दाखवलं हे बरंच झालं.

अमेरिकेवरून आठवलं. शेतमजुरांच्या स्थलांतरावरची जगातली सगळ्यात गाजलेली कादंबरी म्हणजे स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' (१९३९). ओक्लाहोमातून उखडलेली कुटुंबं कॅलिफोर्नियात फळं तोडायला जातात, ती. मी ती इंजिनिअरिंगला असताना वाचली होती, तेव्हा लक्षात राहिला तो मोडका ट्रक आणि शेवटचा प्रसंग. आता परत वाचली तेव्हा आकडे दिसायला लागले. पीचच्या पेटीला पाच सेंट देतात, म्हणून घरातले सगळे पळत जाऊन तोडायला लागतात. मग कळतं, की संप फोडायला आपल्याला आणलंय, आणि संप मोडला की हाच दर अडीच सेंट होणार आहे. कादंबरीतला मोठा कलाटणीचा प्रसंग या अडीच सेंटांवर उभा आहे. ती माणसं कशी वागतात याचं कारण दर पेटीला लिहिलेलं आहे.

हे स्टाइनबेकला कुठून कळलं? १९३६ साली तो वर्तमानपत्रासाठी मजुरांच्या छावण्यांवर लेखमाला लिहीत होता. तिथल्या एका सरकारी छावणीचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स रोजच्या घडामोडींचे तपशीलवार अहवाल लिहायचा. कुणाला किती दिवस काम मिळालं, कोण काय खातंय, कोण काय बोललं. ते अहवाल स्टाइनबेकला मिळाले. कादंबरी ज्या दोघांना अर्पण केली आहे त्यात हा टॉमही आहे.

याला एक दुसरी बाजू आहे. सनोरा बॅब नावाची लेखिका त्याच छावण्यांमध्ये कॉलिन्सबरोबर काम करत होती. ती स्वतः त्याच कोरड्या मुलखात वाढलेली. तिची टिपणंही कॉलिन्समार्फत स्टाइनबेककडे गेली असं सांगितलं जातं. तिची स्वतःची कादंबरी तयार होती, प्रकाशकाला आवडली होती. तेवढ्यात 'ग्रेप्स' आली आणि धो धो खपली. प्रकाशक म्हणाला, आता याच विषयावर दुसरं पुस्तक बाजारात चालणार नाही. तिचं पुस्तक शेवटी छापून आलं २००४ साली. पासष्ट वर्षांनी! नाव काय, तर 'ज्यांची नावं ठाऊक नाहीत' अशा अर्थाचं, घर खाली करण्याच्या नोटिशीतल्या भाषेवरून घेतलेलं. मजुराला नोटीस द्यायची तर नाव कशाला लागतं? आपल्याकडे कोयता म्हणतात, तिकडे हे.

एका दुःखावर एकच पुस्तक पुरे, हा बाजाराचा नियम भारी आहे. आपल्याकडेही "ऊसतोडीवर झालंय की लिहून" असं म्हणणारे भेटतात. प्रेमावर झालंय की लिहून, असं मात्र कुणी म्हणत नाही.

आता घरची बाजू, कारण ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं अर्धं राहील. आमचा ऊस आहे. म्हणजे मी ज्या घरातला आहे त्या घरी टोळीची वाट बघितली जाते. आणि तिथे टोळीबद्दल कणव वगैरे फारशी नसते. ऊस वाळत चाललाय, तोड येत नाही, स्लिप बॉय फोन उचलत नाही. शेवटी टोळी आली की ती 'खुशाली' मागते, ड्रायव्हर एन्ट्री मागतो. नाही दिली तर वाढ्याला हात लावू देत नाहीत, बुडखे उंच सोडतात, नाहीतर सरळ शेजारच्या फडात जातात. माझ्या वडलांच्या तोंडी टोळीवाल्यांसाठी जे शब्द आहेत ते इथे लिहिता येणार नाहीत. आणि त्यांचंही खोटं नाही. त्यांच्या उसाला दर कारखाना ठरवतो, बिल कधी येईल ते कारखाना ठरवतो, आणि ज्याच्यावर चिडता येतं असा समोर एकच माणूस असतो, हातात कोयता घेतलेला.

मुकादमाचंही तसंच. गोष्टीत तो मिशीवाला खलनायक असतो. आमच्या वर्गात एक मुलगा होता, दिवाळीनंतर त्याची जागा रिकामी व्हायची, ती पार उन्हाळ्यात भरायची. तो पुढे मुकादम झाला. स्वतः वीस वर्षं ऊस तोडलेला माणूस. कारखान्याकडून मिळालेल्या उचलीवर त्याच्या सह्या आहेत, ट्रॅक्टरचं कर्ज आहे. एका वर्षी चार कोयत्यांनी त्याच्याकडूनही उचल घेतली आणि दुसऱ्या मुकादमाकडूनही, आणि दुसऱ्याबरोबर गेले. तो त्यांना शोधत कर्नाटकापर्यंत फिरला. त्याने टोळीतल्या लोकांना काय काय त्रास दिला असेल ते मला माहीत नाही असं मी म्हणणार नाही, मुकादम कसे वागतात ते गावात सगळ्यांना माहीत असतं. पण रात्री त्याला झोप येत नाही हेही मी बघितलंय.

अशी सगळी माणसं एका वहीत बांधलेली आहेत. शेतकरी टोळीला शिव्या देतो, टोळी मुकादमाला, मुकादम कारखान्याला, आणि कारखाना साखरेच्या भावाला. यातली एक कादंबरी कुणी लिहिली, जिच्यात प्रत्येकाचा हिशोब खरा आहे आणि तरीही मधली ती बाई खाडा टाळण्यासाठी ताप अंगावर काढते, तर ती मी रांगेत उभा राहून विकत घेईन. त्यात पाऊस, आभाळ, भेगाळलेली जमीन कमी असली तरी माझी हरकत नाही.

'आतल्या माणसाने लिहिलं की सगळं आपोआप खरं येतं' असंही मला वाटत नाही. आतल्या माणसाला लिहायला फुरसत तर पाहिजे. नवनाथ गोरे यांच्या 'फेसाटी'ला (२०१७) साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला २०१८ मध्ये. जत तालुक्यातलं धनगराचं घर, शिकण्यासाठी केलेली वणवण. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यांचं कंत्राटी शिकवण्याचं काम गेलं आणि बातमी आली, की पुरस्कारविजेता लेखक दुसऱ्याच्या रानात मजुरी करतोय. बातमी आल्यावर मदतीचे हात पुढे आले, चांगलं झालं. पण ज्यांच्यावर बातमी आली नाही त्यांच्यातले किती लिहिणारे असतील? महाराष्ट्रात ऊसतोड मजूर एकूण किती, यालाच धड उत्तर नाही. कुणी आठ लाख म्हणतं, कुणी पंधरा. त्यांच्यासाठी २०१९ मध्ये गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याणकारी महामंडळ झालं, मुलांच्या वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये आली. त्या वसतिगृहातल्या एखाद्या पोरीच्या हातात पुढच्या दहा-पंधरा वर्षांत वही आली, तर ती काय लिहील याची मला खरी उत्सुकता आहे. तिला कोपीचं वर्णन करायची गरज वाटणार नाही. तिला आईची बाकी किती होती ते आकड्यासकट पाठ असेल.

दरम्यान फडात हार्वेस्टर आलेत. आमच्याकडेही गेल्या काही हंगामांत दिसायला लागलेत. एक मशीन कितीतरी कोयत्यांचं काम दिवसात उरकतं. म्हणजे अजून काही वर्षांनी 'ऊसतोड कामगार' हा विषय स्मरणरंजनाचा होईल, त्यावर सुंदर ब्लॅक अँड व्हाईट फोटोंची पुस्तकं निघतील. त्याच्या आत कुणीतरी वही लिहून ठेवायला पाहिजे. कोयत्याला दर काय होता, खाड्याला किती कापायचे, अर्ध्या कोयत्याला कोण घ्यायचं नाही.

कुरुंदकरांनी मराठी कादंबरीवर 'धार आणि काठ' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांच्या लिखाणाची मला आवडणारी गोष्ट म्हणजे ते भारावून जात नाहीत, मुद्दा विचारतात. तसाच एक साधा मुद्दा मी हल्ली मजुरांवरचं काहीही हातात घेतलं की विचारतो. पहिल्या पन्नास पानांत उचल किती ते कळतं का? कळलं तर पुढे वाचतो. नाही कळलं तरी वाचतो म्हणा, पण मग कागद-पेन्सिल शेजारी ठेवून, राहिलेला हिशोब स्वतःच मांडत.

या वीकेंडला 'आलोक' परत काढलंय. बघू.